न दाखवलेला पाय : अ‍ॅथलीट्स फूटचं एक प्रकरण

हे गृहस्थ माझ्याकडे पायाच्या बुरशीसाठी आलेच नव्हते. ते आले तापासाठी. वय ४४, कारखान्यात उभ्याचं काम, रोज दहा-बारा तास पायांत जाडजूड सेफ्टी शूज. आदल्या रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि सकाळी पाहतात तो उजवी नडगी घोट्यापासून वर लालबुंद. हात लावला तर तापलेली, दाबलं तर ठणकणारी. ताप १०१ फॅरनहाइट, उजव्या जांघेत अवधाण. "काहीतरी चावलंय बहुतेक," असा त्यांचा अंदाज. चाव्याची खूण मात्र कुठे सापडत नव्हती.

एकाच पायाला अशी लाली आणि सूज आली की दोन गोष्टी आधी डोक्यात येतात. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी, नाहीतर सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालच्या थरात शिरलेला जिवाणूंचा संसर्ग. इथे हुडहुडी भरून आलेला ताप, हाताला जाणवणारी उष्णता आणि जांघेतली गाठ हे सगळं सेल्युलायटिसकडे बोट दाखवत होतं. पण धडधाकट माणसाच्या नडगीत जिवाणू आपोआप शिरत नाहीत. त्यांना दार लागतं. म्हणून मी त्यांना मोजा काढायला सांगितला आणि पायाची बोटं एकेक करून फाकवून पाहिली.

दार करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात होतं. कातडी पांढरी, भिजून फुगलेली, ओल्या कागदासारखी. ती जरा बाजूला सारली तर खाली लालभडक, मधोमध एक बारीक चीर. चीर इतकी लहान की त्यांना ती कधी जाणवलीच नव्हती.

"चिखल्या आहेत त्या, डॉक्टर. जुन्याच आहेत. तीन वर्षं येतात-जातात."

चिखल्या हा आपल्याकडचा शब्द मला आवडतो. बेचक्यातली ती लिबलिबीत अवस्था तो नेमकी डोळ्यांपुढे आणतो. पण त्यात एक खोट आहे. चिखल-पाण्यात पाय राहिले की होणारा किरकोळ त्रास, पाय कोरडे झाले की जाणारा, असं तो सुचवतो. कधी कधी ते खरंही असतं, नुसती भिजलेली कातडी दोन दिवस कोरडी ठेवली की बरी होते. तीन वर्षं येणारं-जाणारं दुखणं मात्र ओलाव्याचं नसतं, बहुधा बुरशीचं असतं. त्याचं प्रचलित नाव अ‍ॅथलीट्स फूट, वैद्यकीय नाव टिनिया पेडिस. खेळाडूंचा त्याच्याशी संबंध एवढाच, की घामेजलेले बंद बूट आणि सगळ्यांनी अनवाणी वापरायच्या न्हाणीघरातल्या ओल्या फरशा त्यांच्या वाट्याला जास्त येतात. या गृहस्थांनी शाळा सुटल्यापासून बॅटला हात लावला नव्हता.

त्या दिवशी मी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली. उद्या लाली रेघेच्या बाहेर गेली, ताप वाढला, कातडी काळसर पडली किंवा फोड आले तर एक मिनिटही थांबायचं नाही, थेट रुग्णालयात, हे घरच्यांना दोनदा सांगितलं. पोटात घ्यायची प्रतिजैविकं दिली, पाय उशीवर उंच ठेवायला सांगितलं, रक्तातली साखर तपासली. मधुमेह असता तर हेच प्रकरण कितीतरी गंभीर झालं असतं. बधिर पायाला चीर कळत नाही आणि जखम भरून येत नाही. साखर ठीक निघाली. बेचक्यासाठी एक टक्का टर्बिनाफिनचं मलम दिलं, दिवसातून दोनदा, एक आठवडा. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली होती, आठव्या दिवशी नडगी जवळजवळ पूर्ववत आणि बेचकंही कोरडं. दोघेही खूश.

आता माझी चूक. मी त्यांना मोजा काढायला सांगितला होता, तो एकच. उजवा. दुखत होता तो पाय पाहिला आणि बरा केला.

सहा आठवड्यांनी ते परत आले. ताप नव्हता, नडगी ठीक होती, पण बेचक्यात पुन्हा तीच खाज. या वेळी सोबत पिशवी आणली होती, आजवर वापरलेल्या सगळ्या औषधांची. रुग्णाने अशी पिशवी टेबलावर उपडी केली की मला बरं वाटतं, कारण तोंडी इतिहासात ज्या गोष्टी गळतात त्या पिशवीत सापडतात. तीन अर्धवट ट्यूब, एक पावडर, फरशी पुसायचं जंतुनाशक (ते बादलीत ओतून त्यात पाय बुडवून बसले होते, कातडी भाजली, तेव्हा सोडलं) आणि मधोमध दाबून दाबून चपटी झालेली एक ट्यूब. तिच्यावर "सगळ्यात लवकर गुण येतो तो याच ट्यूबने" अशी त्यांची शिफारस.

ती ट्यूब हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. बुरशीविरोधी औषध, जिवाणूविरोधी औषध आणि क्लोबेटासॉल हे जोरकस स्टिरॉइड, तिन्ही एकात. लवकर गुण येणारच. खाज आणि लाली बुरशी स्वतः निर्माण करत नाही. ती आपल्या शरीराची बुरशीवरची प्रतिक्रिया असते. स्टिरॉइड ती प्रतिक्रियाच दाबून टाकतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस ट्यूब कपाटात ठेवतो आणि बुरशीला विनासायास पसरायला रान मोकळं मिळतं. त्यातच कातडी पातळ होते, चिरा पडायला सोपी होते. अशा मलमांनी रूप बदललेल्या, ओळखू न येणाऱ्या बुरशीसाठी त्वचारोगाच्या पुस्तकांत टिनिया इन्कॉग्निटो असं वेगळं नावच आहे. तीन वर्षांत त्यांनी ही ट्यूब किती वेळा संपवली, ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांच्या पायात आग विझत नव्हती, धुराची सूचना देणारी घंटा तेवढी बंद होत होती.

मग मी म्हणालो, "दोन्ही मोजे काढा."

"डावा चांगला आहे, डॉक्टर. त्याला काही नाही. नुसता कोरडा पडतो."

डावा पाय पाहिला आणि स्वतःवरच चडफडलो. टाचेपासून तळव्यावर, पायाच्या कडेने वर जरासा चढलेला, सपातीचा आकार घेतलेला जाड कोरडा थर. तळव्यावरच्या रेघारेघांत पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा कोंडा. खाज नाही, लाली जेमतेम. अंगठ्याचं नख पिवळट, जाड, टोकाकडून उचललेलं, खाली भुसा साठलेला. "नखावर वर्षांपूर्वी हातोडी पडली होती," हे नखाचं स्पष्टीकरण. टाचेचं स्पष्टीकरण, "उभ्याचं काम, भेगा पडायच्याच."

उजवा तळवाही थोडा तसाच होता. आणि मग त्यांनी सहज हात टेबलावर ठेवला, तर उजव्या तळहातावर तोच कोरडा, पिठूळ थर. डावा तळहात मात्र स्वच्छ. हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही: दोन पाय आणि एक हात. आपण ज्या हाताने पाय खाजवतो, तळव्याची सालं सोलतो, तोच हात पुढे बुरशी घेऊन बसतो. हाताला ते कामावरच्या तेलाची अ‍ॅलर्जी समजत होते. तेल दोन्ही हातांना लागत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही, पहिल्या भेटीत.

तक्रार होती ती एका बेचक्याची, आजार होता दोन तळव्यांवर, एका नखात आणि एका हातात. ज्या जागा खाजत नव्हत्या तिथे बुरशी सुखाने मुक्कामाला होती आणि जी खाजत होती ती तिची फक्त बाहेर दिसणारी शाखा. तिच्यावर कितीही मलम चोळलं तरी मुख्य कार्यालयातून माणसं येतच राहणार.

हे असं का होतं ते समजायला या बुरशीचा स्वभाव पाहायला हवा. पायाला धरणाऱ्या बुरशा डर्मॅटोफाइट गटातल्या. त्यांचं अन्न केराटिन, म्हणजे ज्या प्रथिनापासून कातडीचा वरचा मृत थर, नखं आणि केस बनतात ते. जिवंत पेशींत खोल त्या सहसा शिरत नाहीत, मृत थरातच राहून तो कुरतडतात. तळव्याचा हा थर अंगावर सर्वांत जाड, म्हणजे भरलेलं कोठारच. शिवाय तळव्यांना तैलग्रंथी नसतात. अंगावर इतरत्र त्वचेच्या तेलातली आम्लं बुरशीला थोडी रोखतात, इथे ती पहारेदारीही नाही. राहिला ओलावा आणि ऊब, ते बंद बूट पुरवतात. करंगळीजवळचं बेचकं सर्वांत अरुंद, दोन्ही बाजूंनी दाबलेलं, हवा न लागणारं, म्हणून सुरुवात बहुधा तिथून.

यातली सर्वांत जास्त आढळणारी ट्रायकोफायटॉन रूब्रम. अल्डो कॅस्टेलानी यांनी १९१० मध्ये तिचं वर्णन केलं. ही मोठी मुत्सद्दी बुरशी. तिच्या पेशीभित्तिकेतला मॅनन हा घटक आपली प्रतिकारशक्ती मंदावतो आणि कातडीची झड कमी करतो. जनावरांकडून आलेली बुरशी माणसाच्या अंगावर आली की शरीर खवळतं, लाली-पू होतो आणि बरेचदा आजार त्याच धुमश्चक्रीत संपतो. रूब्रम माणसालाच सरावलेली. ती शरीराला जागं करत नाही. म्हणून तळव्यावर वर्षानुवर्षं राहते आणि माणूस म्हणतो, पाय कोरडा पडतो. तिची चुलत बहीण ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटेल जरा भांडखोर, ती पावलाच्या खोबणीत पाणी भरलेले, खाजरे फोड आणते. असे फोड पायाला आले की कधी कधी हातांच्या बोटांच्या कडांवरही तसेच बारीक फोड उठतात आणि त्यांत बुरशी मुळीच नसते. ती शरीराची लांबून उमटलेली प्रतिक्रिया. पायाचा इलाज केला की हात आपोआप शांत होतो. आमच्या रुग्णाच्या हातात मात्र खरीच बुरशी होती, आणि हा फरक खरवडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पायाला खाजलं की बुरशीच, असंही धरून चालत नाही. बेचक्यातली भिजलेली कातडी एरिथ्राझ्मामुळेही होते. तो जिवाणूंचा आजार, वुड्सच्या (अतिनील किरणांच्या) दिव्याखाली पोवळ्यासारखा लालसर चमकतो (पाय नुकतेच धुतलेले असतील तर ती चमक दिसत नाही, म्हणून रुग्णाने पाय घासूनपुसून येणं या एका तपासणीत आड येतं). हिरवट झाक, उग्र वास आणि वेदना असेल तर वेगळे जिवाणू. तळव्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक खळगी आणि भयंकर दुर्गंधी असेल तर तो घामावर पोसणाऱ्या जिवाणूंचा उद्योग. बुटाच्या रबराची वा चामड्याच्या रसायनाची अ‍ॅलर्जी पावलाच्या वरच्या बाजूला दिसते आणि बेचकी सोडून देते. सोरायसिस मात्र चकवतो. तळवा तसाच जाड, नखं तशीच खराब. तिथे कोपर, गुडघे, डोकं पाहायचं, नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का पाहायचं. या गृहस्थांच्या कोपरांवर काही नव्हतं, डोकं साफ होतं, घरात कुणाला सोरायसिस नव्हता. आणि एकच तळहात धरणारा सोरायसिस असू शकतो, पण मी पैज बुरशीवर लावली असती.

पैज लावून तीन महिन्यांच्या गोळ्या लिहीत नाहीत. म्हणून बेचक्यातून कातडी खरवडली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हे रसायन कातडीच्या पेशी विरघळवतं आणि बुरशीचे धागे तसेच उरतात. धागे दिसले नाहीत. काहीच नाही.

इथे एखादा अननुभवी माणूस म्हणेल, चला, बुरशी नाही. खरं तर चूक नमुन्याची होती. त्यांनी दोनच दिवसांपूर्वी त्या बेचक्यात मलम लावलं होतं, आणि मी नमुना घेतला होता मधल्या ओल्या, गळालेल्या भागातून. बुरशी वाढत्या कडेला असते, कोरड्या कोंड्यात. त्यांना सगळी मलमं बंद करून दोन आठवड्यांनी बोलावलं. त्या दोन आठवड्यांत खाज वाढली आणि शिव्या मला पडल्या असतील, पण नमुना चांगला मिळाला. डाव्या तळव्याच्या कडेचा कोंडा, उजव्या तळहाताचा कोंडा आणि नखाचा तुकडा, तोही टोकाचा नाही, जमेल तितका मुळाकडच्या भागातला भुसा. या वेळी तळव्याच्या नमुन्यात पहिल्याच नजरेत फांद्या फुटलेले, मधेमधे पडदे असलेले लांब धागे. हातातही. नखातही. उरलेला नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला, पाठवला. बुरशी सावकाश वाढते, अहवालाला तीन आठवडे लागले: तळव्यातून ट्रायकोफायटॉन रूब्रम, नखातून काहीच उगवलं नाही. नखाच्या कल्चरमध्ये हे नेहमीचंच, तिथले धागे बऱ्याचदा मेलेले असतात. सूक्ष्मदर्शकात दिसलं होतं तेवढं मला पुरेसं होतं.

"मग पहिल्या वेळचं मलम चुकीचं होतं का?" त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न.

मलम बरोबर होतं, जागा अपुरी होती. नुसत्या बेचक्यातल्या बुरशीला टर्बिनाफिनचा एक आठवडा बहुतेक वेळा पुरतो, कारण ते बुरशीला मारतं आणि बंद केल्यावरही कातडीच्या थरात काही दिवस टिकून राहतं. क्लोट्रिमॅझोलसारखी मलमं मुख्यतः वाढ थांबवतात, म्हणून ती दोनदा रोज, चार आठवडे लागतात. कातडीचा थर खालून वर येऊन झडायला साधारण तेवढाच वेळ घेतो, बुरशी त्या थराबरोबर बाहेर पडायला हवी. बहुतेक लोक खाज थांबली की थांबतात, म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी. तिथून पुढचे तीन आठवडे मलम लावायचं ते खाजेसाठी नसतंच. आणि बुरशीच्या नावाने मिळणारं प्रत्येक औषध इथे चालत नाही. निस्टॅटिन कॅन्डिडा या वेगळ्या बुरशीवर छान, डर्मॅटोफाइटवर निरुपयोगी.

तळव्याचा जाड थर आणि नख, दोन्ही ठिकाणी मलम खोलवर पोचत नाही. म्हणून इथे पोटातून औषध द्यायचं ठरलं. नुसता तळवा असता तर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, साधारण दोन आठवडे. पायाच्या नखासाठी तेच १२ आठवडे. त्यांना ते फार वाटलं. पूर्वी ग्रिसिओफल्विनवर पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष गोळ्या गिळाव्या लागत आणि तरीही नख बरं होईलच याची खात्री नसे, हे सांगितल्यावर बारा आठवडे त्यांना जरा कमी वाटले.

गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी केली, सहा आठवड्यांनी पुन्हा करायची ठरवली. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच बंद. काहींच्या जिभेची चव काही काळ जाते, हेही आधीच सांगितलं, कारण न सांगता चव गेली की माणूस घाबरून औषध आणि डॉक्टर दोन्ही सोडतो. इतर काही गोळ्या चालू आहेत का ते विचारलं, टर्बिनाफिन काही मानसिक आजारांच्या आणि हृदयाच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. त्यांच्या नव्हत्या. दोन्ही तळवे, सगळी बेचकी आणि उजवा तळहात यांवर मलम चार आठवडे, दिसणाऱ्या कडेच्या बाहेर दोन बोटं जागा धरून. टाचेच्या जाड थरासाठी युरियाचं मलम, थर मऊ होऊन झडावा म्हणून. ती चपटी ट्यूब मी ठेवून घेतली.

टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या बुरशा आता दिसू लागल्या आहेत. ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई ही त्यांतली कुप्रसिद्ध, तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. ती जास्त करून जांघ आणि अंग धरते, पण पाय तिला वर्ज्य आहेत असं नाही. म्हणून चार आठवड्यांत तळवा जरासुद्धा हलला नसता तर मी तीच गोळी आणखी लांबवली नसती, कल्चर पुन्हा करून औषध बदललं असतं. सुदैवाने तिसऱ्या आठवड्यातच टाचेवरून मोठाली सालं निघायला लागली.

उरला बूट. औषधाइतकाच वेळ मी बुटावर घालवला, आणि खरं सांगायचं तर हा भाग मलाही कंटाळवाणा वाटतो, रुग्णाला तर वाटतोच. पण झडलेल्या कातडीच्या कणांत ही बुरशी महिनोन् महिने जिवंत राहते. ते कण बुटात, मोज्यांत, पायपुसण्यात. त्यांचा सेफ्टी शूजचा जोड एकच, रात्री काढायचा तो सकाळी ओलसरच चढवायचा. म्हणून दोन जोड, एकाआड एक दिवस, आतली गादी बाहेर काढून वाऱ्यावर. जुना जोड टाकून द्यायचा. मोजे घाम शोषणारे, कामाच्या मध्यात एकदा बदलायचे, उलटे करून ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवायचे, कोमट पाण्याने बुरशी मरत नाही. बुटात बुरशीविरोधी पावडर चालेल. बेचक्यात साधी टाल्कम पावडर नको, ती घामात भिजून गोळे धरते. अंघोळीनंतर आधी अंग पुसायचं, पाय सगळ्यांत शेवटी, वेगळ्या फडक्याने, प्रत्येक बेचकं स्वतंत्र. आणि एक गोष्ट लोकांना गमतीची वाटते: कपडे घालताना आधी मोजे, मग अंतर्वस्त्र. पाय उघडा ठेवून चड्डी चढवली की पायाची बुरशी तिच्याबरोबर सरळ जांघेत पोचते. जांघेत नायटा घेऊन येणाऱ्याचे पाय तपासायचे ते यासाठीच.

घरच्यांचेही पाय पाहिले. पत्नीचे स्वच्छ, दहा वर्षांच्या मुलाचेही. या वयाच्या मुलांना हा आजार तसा कमीच होतो. गृहस्थांच्या वडिलांच्या मात्र दोन्ही अंगठ्यांची नखं शिंगासारखी जाड. "वयामुळे," असं घरात सगळेच म्हणत होते. नमुना घेतला, बुरशीच निघाली. कुणाची कुणाला लागली हे आता सांगता येणार नाही, न्हाणीघर एक आणि बाहेरचं पायपुसणं एक. वडिलांना हृदयाचा विकार, गोळ्यांची मोठी यादी, नखाचा त्रास शून्य. पोटातलं औषध द्यायला मन धजलं नाही. नखं घासून पातळ करणं, तळव्याला मलम आणि पायपुसणं वेगळं, एवढ्यावर थांबलो.

सहाव्या आठवड्यात यकृताचा अहवाल ठीक. बेचकं कोरडं, हात गुळगुळीत, तळव्यावरच्या रेघा पिठाविना दिसत होत्या. बाराव्या आठवड्यात गोळी संपली आणि ते नाराज होऊन आले, नख अजून पिवळंच. अंगठ्याचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष घेतं. औषध मेलेला भाग स्वच्छ करत नाही, नव्याने येणारा भाग स्वच्छ येईल एवढंच पाहतं. मुळाशी चार मिलिमीटर गुलाबी, पातळ नख आलं होतं. स्वच्छ आणि पिवळ्याच्या सीमेवर मी कानशीने बारीक खूण केली. ती खूण टोकाकडे सरकत राहिली आणि तिच्या मागे पिवळेपण आलं नाही, तर आपण जिंकतोय.

नवव्या महिन्यात फोन आला. खाज, तेच बेचकं, उजवं. मी बोलावलं, दोन्ही पाय पाहिले. तळवे स्वच्छ, खूण छान पुढे सरकलेली, एवढ्या एका बेचक्यात चार दिवसांची ताजी बुरशी. नवी कुठून आली? बरंच उकरल्यावर कळलं की टाकून दिलेला जुना जोड टाकलेला नव्हताच. कामावरच्या कपाटात "अडीअडचणीला" ठेवला होता, आणि मागच्या आठवड्यात नवा भिजला म्हणून तो चार दिवस वापरला होता. सांगताना ते खाली पाहत होते. मी काही बोललो नाही, माझा एक मोजा मला आठवत होता.

एक आठवडा मलम, बेचकं कोरडं. या वेळी तेवढंच पुरलं, कारण मागे कोठार उरलं नव्हतं. जुना जोड त्यांनी गेला म्हणून सांगितलंय. चौदाव्या महिन्यात पिवळ्या नखाचा शेवटचा तुकडा कापला, तो तपासला, धागे दिसले नाहीत. वडिलांची नखं आहेत तशीच आहेत. दर दोन महिन्यांनी हे गृहस्थच ती कानशीने घासून देतात, कानस वेगळ्या डब्यात ठेवतात.